हे रात्रभर चालू राहणार?

घरात स्वतःचा स्टोरेज सर्व्हर लावायचाय, असं मी जेवताना जाहीर केलं, तेव्हा बाबांनी एकच प्रश्न विचारला, "हे रात्रभर चालू राहणार?" मी म्हटलं, "हो, चोवीस तास. सर्व्हर म्हणजे तेच ना!" ते काहीच बोलले नाहीत. उठून खिळ्याला अडकवलेलं लाइट बिल काढलं, माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि ताक वाढून घेतलं.

तेव्हा राग आला होता. पण खरं सांगू? महिनाभर रात्री जागून 'बेस्ट प्रोसेसर' छापाचे व्हिडिओ पाहूनही जो प्रश्न मला पडला नव्हता, तो त्यांना पहिल्या मिनिटात पडला. आणि होम सर्व्हरचा प्रोसेसर निवडताना तोच प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा, असं माझं आता ठाम मत आहे. किती कोअर, किती गिगाहर्ट्झ, हे सगळं नंतर.

सर्व्हर या शब्दाला घाबरू नका. घरातल्या वायफायला जोडलेला एक छोटा कॉम्प्युटर, त्याला एकदोन हार्ड डिस्क. घरातल्या सगळ्यांचे फोन रात्री त्यात फोटो टाकतात, तुमचे प्रोजेक्ट तिथे राहतात, टीव्हीवर तिथूनच सिनेमा लागतो. बस, एवढंच.

मला तो का हवा होता, तेही सांगते. आमचं घर सांगलीत, तळमजल्यावर. ऑगस्ट २०१९ च्या पुरात घरात छातीएवढं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर कपाटातले अल्बम बाहेर काढले, तर पानं एकमेकांना चिकटून त्यांची वीट झालेली. आईबाबांचं लग्न, आजोबा, माझं बारसं, सगळं त्या विटेत. वाचले ते फक्त काकूने कधीतरी व्हॉट्सॲपवर टाकायला मोबाइलवर काढलेले अल्बमचे अकरा फोटो. त्यातल्या एकात आजोबांच्या चेहऱ्यावर ट्यूबलाइटचं रिफ्लेक्शन आहे. पण आमच्याकडे आजोबांचा तेवढाच फोटो आहे. म्हणून 'बॅकअप घ्या' हे वाक्य तुमच्यासारखं मला नुसतं ऐकून सोडून देता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, क्लाउड आहे की. आहे. गुगल फोटोजचं फुकट आणि अमर्याद प्रकरण १ जून २०२१ ला संपलं. तेव्हापासून जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून १५ जीबीत संसार करायचा. तुमचा डेटा शंभर जीबीत मावत असेल तर माझा लेख इथेच सोडा आणि प्लॅन घेऊन टाका. मी पाहिला तेव्हा १०० जीबीचा दर वर्षाला १,३०० रुपये होता, आणि घरच्या सर्व्हरला तेवढ्यात नुसती वीजही भागेल की नाही, सांगता येत नाही. हे होम सर्व्हरचे भक्त तुम्हाला सांगणार नाहीत. पण मी मास कॉमची विद्यार्थिनी. एका डॉक्युमेंटरीचं कच्चं फुटेजच चारशे जीबी होतं. घरच्यांचे फोन धरले तर आमचा आकडा टीबीच्या वर जातो. तिथून पुढे गणित बदलतं.

तर गणित. एक वॅट खाणारी वस्तू वर्षभर अखंड चालू ठेवली तर ८.७६ युनिट जळतात. वरच्या स्लॅबमधला दर, आकार आणि अधिभार धरून युनिटला ढोबळ दहा रुपये मोजा. म्हणजे प्रत्येक वॅटमागे वर्षाला साधारण ८८ रुपये. हा आकडा पाठ करून ठेवा, दुकानात फार उपयोगी पडतो. आणि स्लॅब विसरू नका. महावितरणच्या बिलात शंभर, तीनशे, पाचशे युनिटच्या पायऱ्या आहेत. सर्व्हरचे युनिट हे तुमच्या आधीच्या वापराच्या डोक्यावर येऊन बसतात, म्हणजे ते नेहमी तुमच्या सगळ्यात महाग दरानेच मोजायचे.

आमच्याकडे भावाचा जुना डेस्कटॉप होता. मला वाटलं, फुकटात काम झालं! मग पाचसहाशे रुपयांचा वॅटमीटर आणला (प्लग आणि सॉकेटच्या मध्ये लावतात तो). ग्राफिक कार्ड काढलं, दोन डिस्क लावल्या आणि काहीही न करता नुसता चालू ठेवला. मीटरवर ५५ वॅट. वर्षाचे ४८० युनिट, म्हणजे ४,८०० रुपये. फुकटचा कॉम्प्युटर!

इथे सगळे जी उडी मारतात तीच मीही मारली : 'लो पॉवर' प्रोसेसर शोधणे. सध्या या जगातला हिरो आहे इंटेलचा एन१००. २०२३ च्या सुरुवातीला आलेला, चार कोअर, आणि कागदावर सहा वॅट. सहा! ५५ कुठे आणि सहा कुठे. मी कार्टमध्ये टाकलाच होता.

पण त्या सहाचा अर्थ काय, हे जरा नीट बघा. टीडीपी नावाचा हा आकडा चिप सतत कामात असताना किती उष्णता बाहेर टाकावी लागेल, त्या हिशेबाने दिलेला असतो. कूलर बनवणाऱ्यासाठीचा आकडा आहे तो, तुमच्या लाइट बिलाचा नाही. घरचा सर्व्हर दिवसातले तेवीस तास काहीच करत नाही, नुसता पडून असतो. त्यामुळे महत्त्वाचं हे की तो पडून असताना किती खातो. आणि पडून असताना आजकालचे बहुतेक प्रोसेसर अगदी कमी खातात, त्यांच्यावर ६५ वॅट लिहिलेलं असलं तरी. मग डेस्कटॉपचे ५५ जातात कुठे? मदरबोर्ड, पंखे, दोन डिस्क, आणि मुख्य म्हणजे साडेचारशे-पाचशे वॅटचा एसएमपीएस. त्याला वीसतीस वॅटचं काम दिलं की तो धड कार्यक्षम राहत नाही. बुलेट घेऊन गल्लीतल्या दुकानातून कोथिंबीर आणण्यासारखं आहे ते.

डिस्कचं तर कुणी नावच घेत नाही. साडेतीन इंची हार्ड डिस्क नुसती फिरत असताना चार ते आठ वॅट खाते. म्हणजे चार डिस्क लावल्या की प्रोसेसर सहाचा असो की पंधराचा, बिलाला फरक पडेनासा होतो. शिवाय स्वस्त बोर्डांवर जास्तीचे डिस्क पोर्ट देण्यासाठी वेगळी कंट्रोलर चिप बसवलेली असते, आणि त्यातल्या काही चिपमुळे प्रोसेसरला गाढ झोपच लागत नाही. तो बिचारा अर्धवट जागा राहून वीज खात बसतो. हॉस्टेलमध्ये राहिलेल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

शेवटी माझी गाडी माळ्यावर येऊन थांबली. तिथे माझा अकरावीतला लॅपटॉप होता. आय३, सहाव्या पिढीचा, दोन कोअर, स्क्रीनला मधोमध तडा, कीबोर्डचं 'ए' बटण गायब. कागदावर पंधरा वॅट, एन१०० च्या अडीच पट. ओपनमीडियाव्हॉल्ट टाकलं, स्क्रीन बंद केली, स्वतःचा अडॅप्टर असलेली एक बाहेरची डिस्क जोडली आणि मीटर लावला. १५ वॅट. डिस्कसकट.

हिशेब करा. एन१०० चा नवा डबा, रॅम धरून, मला पंधरा हजारांच्या आसपास पडत होता. तो घेऊन माझे फार तर दोनतीन वॅट वाचले असते, म्हणजे वर्षाला अडीचशे रुपये. पंधरा हजार वसूल व्हायला साठ वर्षं! तोवर मी ब्याऐंशीची. 'वीज वाचवायची' म्हणून नवीन वस्तू घ्यायला निघालेली मी, जी वस्तू बनवायलाच किती वीज लागली असेल ते सोडाच. डेस्कटॉपऐवजी तो डबा घेतला असता तर मात्र तीनेक हजार वर्षाला वाचून पाचएक वर्षांत पैसे निघाले असते. म्हणून एन१०० वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. तुमच्या घरी फक्त जुना डेस्कटॉप असेल, किंवा काहीच नसेल, तर तो घ्याच. पण मीटर लावायच्या आधी नाही.

"पण एवढा जुना प्रोसेसर स्लो नाही पडणार?" हा मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न. कशासाठी स्लो? गिगाबिट केबलमधून सेकंदाला जास्तीत जास्त ११० एमबीच्या आसपास जातं. साधी हार्ड डिस्क त्यापेक्षा वेगाने लिहू शकते. म्हणजे अडतंय ते केबलमध्ये, वायफाय असेल तर त्याच्याही आधी. शंभर जीबी फुटेज केबलवरून पंधरावीस मिनिटांत सरकतं, आणि त्या वेळात माझा आय३ घामही गाळत नाही. फाइल इकडून तिकडे ठेवणं हे कारकुनी काम आहे, त्याला पहिलवान लागत नाही.

पहिलवान लागतो तो दोनतीन ठिकाणी, तेवढं मात्र तपासा. एक, व्हिडिओ. जेलीफिनसारख्या सॉफ्टवेअरमधून फोर-के सिनेमा फोनला झेपेल असा बदलून पाठवायचा असेल तर चिपमध्ये त्यासाठीची वेगळी सोय हवी. एन१०० मध्ये ती उत्तम आहे. गंमत म्हणजे रास्पबेरी पाय ५, जो अनेकांचा लाडका, त्यात हार्डवेअर व्हिडिओ एन्कोडर काढूनच टाकलाय. दुसरं, एन्क्रिप्शन. चोरी झाली तर डिस्कमधलं कुणाला दिसू नये असं वाटत असेल (मुलींनो, वाटायलाच हवं) तर प्रोसेसरमध्ये एईएसची सोय आहे का बघा. पाय ४ मध्ये नाही, पाय ५ मध्ये आहे. माझ्या म्हाताऱ्या आय३ मध्येही आहे. आणि तिसरं, इमिच वापरून फोटोंमधले चेहरे ओळखायला लावणार असाल तर पहिल्यांदा सगळा जुना साठा चाळताना तो बराच वेळ घेतो. माझ्याकडे दोन रात्री आणि एक रविवार लागला. मग काय, लागू दे की. मला घाई कुठे होती?

लॅपटॉपचा एक फायदा कुठल्याच तक्त्यात नसतो, तो म्हणजे बॅटरी. आमच्याकडे वळवाचा पाऊस आला की लाइट जाणार, हे ठरलेलं. डिस्कवर काही लिहिलं जात असताना वीज गेली तर फाइल बिघडू शकते. लॅपटॉप तेवढा वेळ तग धरतो. मात्र तोटाही तिथेच आहे. कायम चार्जिंगला लावलेली जुनी बॅटरी फुगते. बायोसमध्ये चार्जिंग साठ-ऐंशी टक्क्यांवर थांबवायचा पर्याय असेल तर तो लावा, आणि महिन्यातून एकदा लॅपटॉप उलटा करून हात फिरवून बघा. फुगवटा लागला तर बॅटरी काढायची, मोह ठेवायचा नाही. डबा घेणाऱ्यांनी छोटा यूपीएस घ्या. पंधरावीस वॅटचा सर्व्हर त्यावर जितका वेळ निघतो, तितका डेस्कटॉप कधीच निघत नाही.

आणि हो, 'खास चोवीस तासांसाठी बनवलेली चिप' असं ऐकलं की लगेच भुलू नका. इंटेलच्या ॲटम सी२००० मालिकेतल्या चिप अशाच, कमी विजेवर सतत चालणाऱ्या उपकरणांसाठी होत्या. २०१७ मध्ये उघड झालं की काही काळाने त्यांचा क्लॉक सिग्नलच बंद पडू शकतो. ज्या स्टोरेज बॉक्समध्ये आणि नेटवर्क उपकरणांमध्ये त्या होत्या, ती मग चालूच होईनात. चिप कुठलीही असो, ती एक दिवस जाणार. ती गेली तरी चालेल, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावता येते. डिस्क गेली तर मात्र रडायचं.

म्हणून पंधरा हजार वाचले त्यातून मी दोन डिस्क घेतल्या. एक सर्व्हरला. दुसरी पुण्याला मावशीकडे, तिसऱ्या मजल्यावर, साड्यांच्या कपाटात. दर दोन महिन्यांनी इंटर्नशिपवरून घरी जाताना ती घेऊन जाते, नवीन सगळं कॉपी करते आणि परत आणते. एकाच डब्यात दोन डिस्क ठेवून 'माझा बॅकअप आहे' म्हणणाऱ्यांना मी इतकंच विचारते, की तुमच्याकडे पूर येतो का? सांगलीतला सर्व्हरही आता माळ्यावरच आहे, राउटरपासून पंधरा मीटर केबल ओढून. जुलै २०२१ मध्ये पाणी परत शहरात आलं होतं, त्यामुळे 'आता काय पुन्हा येतंय' असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही.

बाबांना मी मीटर दाखवला. पंधरा वॅट, वर्षाचे तेराशे रुपये. त्यांनी चष्मा लावून आकडा दोनदा वाचला, "बरं" म्हणाले. मग मीटर काढून घेतला आणि आता तो घेऊन घरभर फिरतात. परवा त्यांचा फोन आला. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केल्यावरही नऊ वॅट खातो म्हणे. "तुझ्या त्या माळ्यावरच्या भुताला नावं ठेवत होतो आपण," ते म्हणाले, "आणि हा मेला सात वर्षं रात्रभर चालू आहे."