आधी खोका, मग यंत्र



कापसाला भाव नाही, ज्वारीला भाव नाही, म्हणून फळझाडे लावा, असे आपल्याला सांगितले गेले. 1990 साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली. कोरडवाहू रानात बोर, आवळा, सीताफळ उभे राहिले. झाडे जगवली शेतकऱ्याने. मालाच्या बाजाराची सोय मात्र कुणी केली नाही. बोरे पिकतात ती सगळ्यांची एकदम. तोडणीची मजुरी, पोती, गाडीभाडे, हमाली वजा जाता हाती काय उरते? ओला माल आज विकला नाही तर उद्या सडणार, हे व्यापाऱ्याला आपल्याइतकेच ठाऊक असते.

तासगावच्या द्राक्षवाल्यांनी यातून वाट काढली. द्राक्षे शेडमध्ये जाळ्यांवर वाळवून बेदाणा केला, शीतगृहात ठेवला. सौद्यात भाव पटला नाही तर माल थांबवता येतो. बोर-आवळ्याचेही तसेच करता येईल. वाळवण आपल्या घरात नवे नाही. बोरकूट, आंबोशी, आवळ्याची सुपारी आपल्या आया-आज्या करतच आल्या. पण उघड्यावर धूळ बसते, माशा बसतात, रंग काळवंडतो. असा माल घरी चालतो, बाजारात नाही.

हे हेरून वाळवणीचे यंत्र विकणारे गावोगाव फिरतात. 2020 साली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना आली, तिच्यात अनुदान 35 टक्के. उरलेले 65 टक्के कुणाच्या डोक्यावर? म्हणून सही करण्याआधी गणित करा.

बी काढलेल्या 10 किलो आवळ्याच्या फोडींत साधारण 8 किलो पाणी असते. 15 टक्के ओल ठेवून वाळवले तर सव्वादोन-अडीच किलो माल मिळतो, म्हणजे साडेसात किलो पाणी उडवायचे. विजेच्या हीटरवर त्याला कमीत कमी 5 युनिट लागतात. वाया जाणारी उष्णता धरली तर दुप्पट. भारनियमन झाले तर अर्धवट वाळलेल्या फोडींना बुरशी येते ती वेगळीच.

आपल्याकडे एका चौरस मीटरवर दिवसाला सुमारे 5 युनिटांइतके ऊन फुकट पडते. साध्या खोक्याने त्यातला चौथा हिस्सा जरी पकडला, तरी रोज दोन किलोच्या आसपास पाणी उडते. आवळा, बोर, चिंच, कैरी ही सारी फळे दिवाळी ते मृग या कोरड्या दिवसांतच येतात.

खोका गावचा सुतार करील. लांबी 4 फूट, रुंदी 3 फूट. पुढची बाजू पाऊण फूट, मागची पावणेदोन फूट. वर काच, उतार दक्षिणेकडे. तळाला दोन फळ्या आणि मध्ये भुसा, आतून काळा रंग. पुढे खाली आणि मागे वर भोके पाडून त्यांना बारीक जाळी लावा, म्हणजे गरम हवा ओल घेऊन वरून बाहेर पडेल. ट्रे बांबूचे किंवा स्टेनलेस जाळीचे घ्या. जस्ताची जाळी नको; आंबट फळ जस्त खाते. थेट उन्हाने रंग आणि क जीवनसत्त्व दोन्ही जातात, म्हणून ट्रेच्या वर थोडे अंतर सोडून काळे कापड ताणा.

एका खेपेला चार-पाच किलो फोडीच पसरा, त्याही एका थरात. आत थर्मामीटर ठेवा. 50 ते 60 अंश पुरे. त्यापुढे गेले तर वरची साल कडक होते आणि ओल आत अडकते. रात्री दव पडते, तेव्हा ट्रे घरात घ्या. दोन-तीन दिवसांनी फोड मोडून दाबा. पाणी सुटता कामा नये. मग आठवडाभर बरणीत ठेवून पाहा. काचेला आतून थेंब दिसले तर पुन्हा वाळवा. सीताफळाचा गर मात्र यात घालू नका, उष्णतेने तो कडू होतो.

यात एक खर्च हिशेबात धरलाच जात नाही. तो म्हणजे आवळा उकडणारीची, फोडी करणारीची मजुरी. हे काम येते ते नेमके कापूस वेचणीच्या दिवसांत. वेचणीला जी मजुरी मिळते तीच इथेही खर्चात लिहा. घरची बाई फुकट राबते म्हणून धंदा फायद्यात दिसत असेल, तर तो फायदा खोटा आहे. घामाचे दाम मागणाऱ्या चळवळीने आपल्या घरातला घाम आधी मोजला पाहिजे.

आमचे सांगणे एवढेच: या हंगामात गावागणिक एक खोका करा. माल किती निघाला, मजुरी किती लागली, दुकानदाराने काय भाव दिला, हे वहीत लिहा आणि ती वही जिल्हा बैठकीला आणा. मजुरी धरूनही चार पैसे उरत असतील, तर दहा घरांनी मिळून मोठे यंत्र घ्यायचा विचार करू. तोवर कुणाच्याही कर्जाच्या कागदावर अंगठा नको.