एका पौंडाचा खलिता

दुष्काळांत रयतेच्या ताटांत किती भाकर पडावी, हा प्रश्न १८७७ सालीं शेतांत सुटला नाहीं, बाजारांतही सुटला नाहीं. तो कागदावर सुटला. मुंबई-मद्रासचे गव्हर्नर, हिंदुस्थान सरकार आणि लंडनचे स्टेट सेक्रेटरी यांच्यामध्यें खलिते व तारा यांची जी ये-जा चालली होती, तींत लाखों माणसांच्या पोटाचा निवाडा झाला. यांतील बराच पत्रव्यवहार पुढें छापून पार्लमेंटापुढें ठेवला गेला, म्हणून तो आज वाचावयास मिळतो. आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंनीं तो समजून घ्यावा, अशी आमची इच्छा आहे.

प्रथम हा कारभार कसा चाले तें पाहूं. पाटील-कुळकर्ण्यांनीं मामलेदारास कळवावें, मामलेदारानें कलेक्टरास, कलेक्टरानें वरिष्ठांमार्फत मुंबईस. गव्हर्नर आपल्या कौन्सिलांत ठराव करून व्हाइसरॉयकडे लिही. मुंबई व मद्रासचे गव्हर्नर विलायतेहून नेमून येत, आणि स्टेट सेक्रेटरीस परभारें लिहिण्याचा मान त्यांस होता. मान मोठा खरा. पण खर्चाची थैली व्हाइसरॉयच्या हातीं. ज्याच्या हातीं थैली, त्याच्याच शब्दास वजन!

१८७६ चा पाऊस दख्खनेंत चुकला. सोलापूर व कलादगी या जिल्ह्यांची दशा तर फारच वाईट झाली. कुणब्याच्या घरीं दाणा नाहीं, तेथें सुतार-लोहारास बलुतें कोठून मिळणार? कोष्ट्याचें लुगडें कोण घेणार? मुंबईचे गव्हर्नर सर फिलिप वुडहाउस यांच्या सरकारनें मोठीं कामें काढून लोकांस मजुरी देण्याचा मार्ग धरला. मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांच्या सरकारनें तीस हजार टन धान्य खरेदी केलें. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या सरकारास ही खरेदी रुचली नाहीं. धान्याच्या व्यापारांत सरकारनें हात घालूं नये, आणि खर्च आवरावा, हा त्यांचा बाणा. १ जानेवारी १८७७ रोजीं दिल्लीस दरबार भरून राणीसाहेबांस कैसर-इ-हिंद हा किताब जाहीर झाला. आणि त्याच महिन्यांत सर रिचर्ड टेंपल यांस दुष्काळी मुलुखांत काटकसर शिकविण्यासाठीं रवाना करण्यांत आलें.

हे टेंपलसाहेब कोण? १८७४ सालीं बिहारांत दुष्काळ पडला, तेव्हां यांनींच ब्रह्मदेशांतून तांदूळ आणून माणसें जगविलीं होतीं. उपासमारीनें फार थोडे लोक मेले. पण शाबासकी मिळावी ती न मिळतां पैसा उधळल्याचा ठपका पदरांत पडला. तो धडा साहेबांनीं चांगलाच पाठ केला. दख्खनेंत येतांच त्यांनीं ठरविलें कीं, मजुरास दररोज एक पौंड धान्याची किंमत व वर थोडी चिल्लर दिली कीं पुरे. एक पौंड म्हणजे सुमारें अर्धा शेर. अर्ध्या शेर ज्वारीच्या भाकरी होतात चार किंवा पांच, आणि त्यांवर दिवसभर खडी फोडावयाची! तुरुंगांतील सक्तमजुरीच्या कैद्यासही याहून अधिक शिधा मिळे. शिवाय काम घरापासून दूर दिलें जाई. खरा उपाशी असेल तो तेथवर चालत येईलच, असा हिशेब. उपाशी माणसाच्या पायांत बळ किती उरतें, हें त्या हिशेबांत धरलेलें नव्हतें.

आमचे लोक मुके राहिले नाहींत. हजारों मजूर कामें सोडून घरीं परतले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारास लिहून कळविली. तिचे-आमचे मतभेद कितीही असोत, हें श्रेय तिला दिलेंच पाहिजे. मद्रासचे आरोग्य खात्याचे मुख्य डॉक्टर कॉर्निश यांनीं दीड पौंडाहून कमी धान्यावर श्रम करणारा देह टिकत नाहीं, असें सरकारी कागदांतच बजावलें. आणि त्याच वर्षीं मद्रास सरकारनें शिधा कांहींसा वाढविला. इकडे मुंबईस मात्र वुडहाउस गेले आणि त्यांच्या गादीवर खुद्द टेंपलसाहेबच येऊन बसले!

या दुष्काळांत इंग्रजी मुलुखांत पन्नास लाखांहून अधिक माणसें दगावलीं. पुढें कमिशन बसलें, १८८० सालीं त्याचा रिपोर्ट आला, १८८३ सालीं दुष्काळाचे नियम झाले. नियम माणसें मेल्यावर झाले, हें विसरूं नये.

आतां विचार करा. साहेब सगळे सारखे नव्हते. गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांच्यांत वाद होते, डॉक्टर भांडत होते. परंतु त्या ढीगभर खलित्यांत ज्याचें पोट मोजलें जात होतें, त्या कुणब्याच्या हातची ओळ कोठें आहे? त्याची हकीकत कुळकर्ण्याच्या लेखणींतून वर जाई, आणि जातां जातां तिचे आंकडे होत. जोतीरावांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यांत याच दुखण्यावर बोट ठेविलें होतें: शेतकरी अक्षरशत्रू, म्हणून मधल्या कामगाराचें फावतें.

ते गव्हर्नर गेले, व्हाइसरॉय गेले. १८७७ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, १९७७ सालीं, महाराष्ट्रानें रोजगार हमीचा कायदा केला. काम ही मेहेरबानी नसून हक्क आहे, हें कबूल झालें. पण आजही आपल्या गांवची आणेवारी, पंचनामा, नुकसानीचा आंकडा हीं कागदावरच ठरतात, आणि कागद वर जातो. तो आपण वाचतों काय? २००५ च्या माहितीच्या अधिकारानें साधा अर्ज व दहा रुपये फी यांवर तो कागद मागतां येतो, आणि तीस दिवसांत उत्तर देणें अधिकाऱ्यास भाग आहे. पंचनाम्यावर अंगठा उठविण्यापूर्वीं तो वाचून घ्या. स्वतःस येत नसेल तर शाळेंत जाणाऱ्या मुलीकडून वाचवून घ्या. नक्कल मागा. चूक असेल तर लेखी हरकत घ्या, आणि पोंच घेतल्याशिवाय कचेरींतून हलूं नका.

आपल्या भाकरीचें वजन दुसऱ्यानें कागदावर मांडावें आणि आपण तें ऐकून घ्यावें, हे दिवस संपले पाहिजेत. त्या कागदावर आपलीही ओळ उमटली पाहिजे.