अठरा किलोंचा दोरा, पाऊण किलोचा मासा

आपल्याकडे कुठलीही वस्तू घेताना माणूस दुकानदाराला पहिला प्रश्न विचारतो तो हा, "मजबूत आहे ना?" मग ती छत्री असो, बादली असो, नाहीतर जावई असो. (जावयाची चौकशी जरा आडून करतात, एवढंच.) एरवी या प्रश्नाविरुद्ध माझी काही तक्रार नाही. बँकेच्या काउंटरमागे बसणाऱ्याने मजबुतीविरुद्ध बोलायचं म्हणजे भटजींनी सत्यनारायणाविरुद्ध बोलायचं. पण हाच प्रश्न घेऊन लोक गळाच्या दुकानात शिरू लागलेत, आणि तिथे मात्र मला तोंड उघडणं भाग आहे.

मी सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीच्या पायथ्याच्या लहान नद्यांवर गळ टाकतो. कणकेचा गोळा लावून डुलक्या काढणाऱ्यांतला मी नव्हे. माझं काम खोट्या आमिषाचं. पत्र्याची फिरकी, रबरी बेडूक किंवा चमचा फेकायचा आणि रीळ फिरवत ओढून घ्यायचा. चमच्याने मोठे मासे गळाला लागतात, हे ज्याने सरकारी बँकेत नोकरी केली आहे त्याला वेगळं सांगायला नको.

या कामाला पूर्वी तंगूस वापरत. अजूनही वापरतात. तो नायलॉनचा, आणि ताण पडला की रबरासारखा लांबतो. त्यामुळे पलीकडे मासा आमिषाला शिवला तरी अलीकडे आपल्याला पत्ता नाही. म्हणून आता ब्रेडेड लाईन आली. (आमच्या घरी "ब्रेडची लाईन" म्हटल्यावर सौ.नी पिशवी दिली होती.) हा वेणीसारखा विणलेला दोरा. पेड चार किंवा आठ. धागा पॉलिथिलिनचाच, म्हणजे कुळ बादलीचंच, पण फार वरच्या घराण्यातला. तो ताणाने फारसा लांबत नाही, पाण्यावर तरंगतो, आणि त्याच जाडीच्या तंगुसापेक्षा तीन-चार पट ओझं सहज पेलतो.

इथे आपल्या लोकांची बुद्धी फिरते. खरं तर या गुणाचा अर्थ असा, की तेवढ्याच ताकदीसाठी आता बारीक दोरा चालेल. पण आमचे एक कॅशियर मित्र अर्थ काढतात तो असा, की जाडी तीच ठेवू आणि ताकद चौपट करू! ते 40 पौंडांचा दोरा घेऊन नदीवर येतात. 40 पौंड म्हणजे 18 किलो. घरच्या सिलिंडरमध्ये गॅस भरतात तो 14.2 किलो. आणि नदी केवढी? उन्हाळ्यात लेंगा दुमडून ओलांडता येईल एवढी. तिच्यातला मासा पाऊण किलोचा निघाला तर आम्ही फोटो काढतो.

बरं, नुसता फुकटचा बडेजाव असता तर मी गप्प बसलो असतो. पण चार-पाच ग्रॅमचा चमचा जाड दोऱ्याला ओढून नेता येत नाही. तो दहा पावलांवर पाण्यात पडतो आणि मग वाहतं पाणी त्या दोऱ्याला पोटाशी धरून भलतीकडेच नेतं. कॅशियरसाहेब म्हणतात, "आज मासेच नाहीत."

याहून वाईट पुढेच आहे. लहान नदीत गळ माशापेक्षा दगडात जास्त वेळा अडकतो. बारीक दोरा असला तर ओढून तुटतो. 18 किलोंचा दोरा तुटत नाही. हाताला गुंडाळून ओढायला जावं तर बोट कापतं. (बारीक दोऱ्यानेही कापतं. दोरा काठीला गुंडाळून ओढावा.) शेवटी मजबुतीचे हे भक्त खिशातून कात्री काढतात आणि दोरा आपल्या पायाशी कापून मोकळे होतात. पंधरा-वीस मीटर दोरा नदीत! तो कुजत नाही. त्यात पाणकावळा अडकतो, कासव अडकतं, जाळं घेऊन पाण्यात उतरणाऱ्या भोयाचा पाय अडकतो. 2017 साली राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी घातली, तेव्हा हेच कॅशियर "फार छान झालं" म्हणाले होते. आकाशातला मांजा वाईट आणि पाण्यातला मात्र छंद, हा हिशेब कुठल्या कॉमर्स कॉलेजात शिकवतात?

यावर उपाय काही मोठा नाही. घरात फ्यूज असतो तसा दोऱ्यातही ठेवावा. मूळ दोऱ्याच्या टोकाला हातभर, दीड हात तंगूस जोडायचा आणि तो मूळ दोऱ्यापेक्षा मुद्दाम कमजोर घ्यायचा. मूळ दोरा 16 पौंडांचा तर तंगूस 8 पौंडांचा. अडकलं की तिथेच तुटतं आणि नदीत राहिलाच तर वीतभर तुकडा राहतो. शिवाय तंगूस पारदर्शक, माशाला दिसत नाही. तेव्हा मूळ दोरा खुशाल पोपटी घ्यावा, म्हणजे चाळिशीच्या चष्म्यातूनही दिसतो.

आता चार पेड की आठ? दुकानदार आठ पेडांचा दोरा पुढे सरकवतो. तो गुळगुळीत असतो, काठीच्या कड्यांतून आवाज न करता जातो आणि लांब पडतो हे खरं. पण लांब म्हणजे कुठे? पलीकडच्या काठावर म्हशी बसल्यात! आठ पेडांतला एकेक पेड बारीक असतो, खडकाला घासून लवकर पिंजतो. आपल्या खडकाळ नदीला चार पेडच बरे. शिवाय स्वस्तही पडतात, आणि हा मुद्दा मी शेवटी सांगतोय यावरून माझा संयम लक्षात यावा.

डबीवरच्या पौंडांवर मात्र भिस्त ठेवू नये. ते आकडे कर्जाच्या अर्जातल्या उत्पन्नासारखे असतात, अर्जदाराच्या गरजेप्रमाणे वाढतात. पाहायची ती जाडी. जपानी पद्धतीत तिला पीई नंबर म्हणतात आणि नंबर 1 म्हणजे 200 डेनियर, जाडी साधारण 0.165 मिलिमीटर. साड्यांच्या दुकानात डेनियर ऐकलं असेल, तेच हे. 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. लहान नदीला 0.8 ते 1 नंबर पुष्कळ झाला. शंका आलीच तर पेन्सिलीवर दोऱ्याचे 50 वेढे शेजारी शेजारी घालून पट्टीने मोजावेत. नंबर 1 असेल तर सव्वाआठ मिलिमीटरच्या आसपास भरले पाहिजेत. दोरा दबून चपटा होतो म्हणून थोडं जास्त भरेल, पण बारा भरले तर डबी परत करावी. मी मोजतो तेव्हा दुकानदार तोंड वाकडं करतो. नोटा मोजताना गिऱ्हाईक माझ्याकडे तसंच बघतं, त्यामुळे सवय आहे.

रानात, दाट शेवाळात मरळ धरायची असेल तर गोष्ट वेगळी. तिथे जाड दोरा हवाच, मी हट्ट धरत नाही. पण कॅशियरसाहेबांचा शेवटचा हुकमी प्रश्न असतो, "आणि मोठा खडस लागला तर?" अहो, कुठून लागणार? कर्नल साइक्स यांनी 1839 साली या माशाचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याकडच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज पुण्यात मुठेत गळ टाकून जे वर येईल त्याला खरोखरच 40 पौंडांचा दोरा लागेल, कारण पिशवीत गाळ भरलेला असतो. आणि समजा लागलाच, तर रिळाला ब्रेक कशासाठी दिलाय? तो दोऱ्याच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्शावर ठेवावा, माशाला पळू द्यावं, दमू द्यावं. लहान नदीत तो पळून पळून जाणार कुठे, पुढच्या डोहापर्यंत.

फारच मोठे खडस बघायची हौस असेल तर महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीला जावं. ते देवीचे मासे, त्यांना कोणी धरत नाही. लोक खायला टाकतात आणि मासे पायाशी येतात. कॅशियरसाहेबांना मी दोनदा म्हटलं, चला. त्यांनी विचारलं, "दोरा कुठला घेऊ?"