'भाववाचक' मधला भाव कुठला?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, भाववाचक नामाची व्याख्या पाठ करून घेण्याआधी मुलांना एकदा विचारून बघा, 'भाव म्हणजे काय रे?' कुणी भाजीचा भाव सांगेल, कुणी म्हणेल भाव खाणं. एखाद्याला वाटेल, भावाचं म्हणजे दादाचं नाव! (व्याख्येतल्या 'धर्म' शब्दाचंही तेच होतं.) यात मुलांचं काय चुकलं? शब्द उलगडून सांगायचं काम आपलं आहे.

संस्कृतमध्ये 'भू' धातू आहे. अर्थ असणे, होणे. त्यावरून 'भाव', म्हणजे असणं. म्हणूनच नसणं तो 'अभाव' आणि स्वतःचं असणं तो 'स्वभाव'. आता पुढचं सोपं आहे. गोड असण्याचं नाव गोडवा, गरीब असण्याचं गरिबी, शांत असण्याचं शांतता, लहान असण्याचं लहानपण.

'दिसत नाही, हाताला लागत नाही ते भाववाचक' ही सोपी केलेली व्याख्या मला तरी पटत नाही. वारा कुठे दिसतो? तरी ते सामान्य नामच. आणि भाव म्हणजे भावना असं सांगितलं, तर मुलं राग, आनंद, प्रेम एवढंच लिहितात. उंची, रुंदी, चोरी, म्हातारपण राहूनच जातं.

उद्या फळ्यावर फक्त 'खोली' लिहा. शाळेची खोली आणि विहिरीची खोली. यातली भाववाचक कोणती आणि का, ते मुलांनाच भांडून ठरवू द्या.