शिळ्या भाताची फोडणी

मैत्रिणींनो, रात्रीचा उरलेला भात सकाळी कांदा-मिरची घालून फोडणीला टाकला की नाश्त्याचं काम भागतं. "चांगला परतलाय, आता कसले जंतू?" असं पुष्कळजणी म्हणतात. पण नेमकं इथंच फसायला होतं.

शेतातल्या मातीतून तांदळाबरोबर 'बॅसिलस सीरियस' या जिवाणूचे बीजाणू घरात येतात. बीजाणू म्हणजे जणू कवचात झोपलेला जिवाणू. भात शिजला तरी ते सगळे मरत नाहीत. पातेल्यातला भात कोमट झाला की ते जागे होतात, भराभर वाढतात आणि भातात विष सोडतात. फोडणीत जिवाणू मरतील. विष मात्र परतून, उकळूनही जात नाही. वासावरून कळतही नाही. मग अर्ध्या ते सहा तासांत मळमळ, उलट्या! ब्रिटनमध्ये १९७१ पासून चिनी उपाहारगृहांतल्या परतलेल्या भातामुळे असे प्रकार घडले, तेव्हा हे कारण उजेडात आलं.

अन्न टाकवत नाही, हे खरंच. म्हणून भात मुळात बेतानंच लावावा. उरलाच तर पातेल्यात झाकून ओट्यावर ठेवू नये. परातीत पसरून निववावा नि तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशी एकदाच चांगला वाफवून संपवावा. रात्रभर बाहेर राहिलेला भात मात्र मुलांच्या डब्यात देऊ नका. बहुतेकांना दिवसभरात बरं वाटतं. पण लहान मुलाच्या उलट्या थांबेनात तर लगेच डॉक्टरांकडे न्या.

मूठभर भातापेक्षा लेकराचं पोट मोलाचं, नाही का?