करंगळी जाईल एवढी फट

विमानाचं मॉडेल रंगवून झालं की पत्र्यांच्या सांध्यांत काळा रंग सोडायचा, ही आता रीतच झालीय. आणि वर म्हणायचं, "अगदी खऱ्यासारखं!" कुठल्या खऱ्यासारखं? १:७२ प्रमाणात पाव मिलिमीटरची रेघ म्हणजे प्रत्यक्षात १८ मिलिमीटरची फट. करंगळी आत जाईल हो!

सगळ्यात कीव येते ती दुसऱ्या महायुद्धातल्या पी-५१ मस्टँगची. हवा सुरळीत वाहावी म्हणून कारखान्यात त्याच्या पंखाच्या पुढच्या भागातले सांधे आणि रिव्हेट लांबी भरून (आपले रंगारी भरतात तीच) घासत, वर चंदेरी रंग देत. आणि आपण? तेच सांधे सुईने कोरतो, त्यात काळं ओततो, प्रत्येक पत्र्याला निराळी चमक देतो. त्या कामगारांच्या मेहनतीवर पाणी!

"नाहीतर मॉडेल खेळण्यासारखं दिसतं.." मान्य. मग फिकट राखाडी वापरा ना. नाट्यच हवं असेल तर तेही खुशाल करा, मी टाळ्या वाजवीन, फक्त त्याला 'खरं' म्हणू नका. कारण स्पर्धेत गुळगुळीत पंखवाला मस्टँग 'अर्धवट' ठरतो, आणि नवशिकी पोरं घरी जाऊन सुई शोधतात.