कुरकुर कोण करतंय?

मंडळी, तुमच्या ऑफिसात असा एक तरी प्राणी असतोच. मीटिंग संपत आली, सगळ्यांचं लक्ष लंचकडे लागलं की हा हळूच हात वर करतो, "पण मला एक शंका आहे..." बाकीचे मनात म्हणतात, झाली याची कुरकुर सुरू! मीही म्हणायचे. नोव्हेंबरातल्या त्या वीकएण्डपर्यंत.

त्याचं काय झालं, माझा मामेभाऊ टेक्सासमध्ये आठ वर्षं काढून कायमचा परत आला. लोक येताना चॉकलेटं आणतात, परफ्यूम आणतात. आमच्या दादाने सामानाच्या कंटेनरमधून एक लोखंडी खोकं आणलं, दोन माणसांनी उचलावं लागेल असं. आत काय, तर 'वेट डिस्ट्रिब्यूशन हिच'! तिकडे म्हणे तो दर सुट्टीत गाडीमागे घर बांधून फिरायचा. इथे आल्यावर त्याने एका वर्कशॉपमधून चाकांवरचं छोटं घर बनवून घेतलं. दोन बंक, छोटा ओटा, पाण्याची टाकी, सगळं काही. आरटीओतून ट्रेलरचं वेगळं रजिस्ट्रेशनही केलं. (हो, ते लागतं. तुमची गाडी पास आहे म्हणून ट्रेलर पास होत नाही.)

आपल्याकडे २०२१ मध्ये राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण रस्त्यावर दिसतात त्या बहुतेक एकसंध गाड्या. इंजिन आणि बेडरूम एकाच सांगाड्यावर. मागे ओढायचं घर म्हणजे अजूनही तमाशाच. पनवेल सोडून जुन्या हायवेला लागलो तर रिक्षावाले, एसटीतली पोरं, सगळे वळून बघत होते. दादा एकदम हीरो! मागे वहिनी, त्यांचा चार वर्षांचा चिरंजीव आणि आम्ही दोघं नवराबायको. मुक्काम कोथळीगडाच्या पायथ्याशी, आंबिवलीजवळच्या एका शेतावर.

चौकला कर्जतसाठी वळलो आणि मागून आवाज आला. कुर्रर्रर्र... जुन्या वाड्याचा दिंडी दरवाजा उघडल्यासारखा.

"दादा, हे काय वाजतंय?"

"काही नाही गं. नॉर्मल आहे. लोखंडाला लोखंड घासतंय."

वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "दोन आठवडे सांगतेय मी, सोसायटीत फिरवून आणला तेव्हाही वाजत होता."

"अगं, तू ना नुसती कुरकुर करतेस. त्या हिचसारखीच!"

सगळे हसलो. वहिनी सोडून.

आता हा फंडा नेमका काय आहे, ते सांगते. गाडीच्या मागे एक लोखंडी बॉल असतो. ट्रेलरच्या पुढच्या दांड्याला उलट्या वाटीसारखी एक कडी असते, ती या बॉलवर बसते. दांड्याचं वजन बॉलवर आलं की गाडीचं बूड खाली बसतं आणि नाक वर जातं. नाक वर गेलं की पुढच्या चाकांवरचा भार कमी. मग स्टिअरिंग हलकं, पुढचे ब्रेक दुबळे आणि हेडलाइट थेट झाडांच्या शेंड्यांवर! म्हणून बॉलच्या दोन्ही बाजूंना दोन स्प्रिंगचे बार बसवतात आणि ते साखळीने ताणून ट्रेलरच्या दांड्याला अडकवतात. हे बार तरफेसारखे काम करतात. गाडीच्या मागच्या चाकांवर पडलेलं थोडं वजन ते पुढच्या चाकांकडे ढकलतात, थोडं ट्रेलरच्या चाकांकडे. थोडक्यात, टीमवर्क. एकाच्याच डोक्यावर सगळं काम नको.

कर्जत मागे पडलं. प्रत्येक वळणावर कुर्रर्र आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला खण्ण! कशेळ्याच्या अलीकडे एक लांब, सरळ उतार लागला. रस्ता चांगला होता, दादाने थोडा पाय दाबला. आणि मागचं घर हलायला लागलं. आधी थोडं डावीकडे, मग थोडं उजवीकडे, मग आणखी जोरात. कुत्रं शेपटी हलवतं ना, तसं. फक्त इथे शेपटीच कुत्र्याला हलवत होती. समोरून वाळूचा ट्रक येत होता. गाडीत कोणी बोलेना. चिरंजीव मात्र खुशीत, "बाबा, अजून!"

दादाच्या आठ वर्षांच्या अनुभवाचं खरं काम तेव्हा दिसलं. त्याने गचकन ब्रेक मारला नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं आणि डॅशबोर्डखालचं बटण दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावले. मागून ओढ लागली, घर सरळ झालं. ट्रक हॉर्न देत बाजूने गेला. दादाने गाडी कडेला घेतली. त्याचे हात थरथरत होते. वहिनीने एक अक्षर उच्चारलं नाही, मुलाला फक्त मांडीवर ओढून घेतलं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

हळूहळू, चालत्या माणसाच्या वेगाने कशेळ्याच्या बाजूला आलो. तिथे ट्रॅक्टर दुरुस्तीचं एक गॅरेज दिसलं. पत्र्याची शेड, समोर दोन ट्रॉल्या, एक चाक काढलेलं. साठीचे मिस्त्री काका बाहेर आले. दादाने लगेच सुरुवात केली, की आवाज येतोय, ग्रीस मारून द्या, आपण पैसे देतो.

काकांनी आधी ट्रेलरभोवती एक चक्कर मारली. अमेरिकन हिच त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. बारकडे, साखळ्यांकडे बघून म्हणाले, "हे सोडवा." बार सुटले, कडी बॉलवरून निघाली. मग काकांनी दांड्याखाली हात घातला आणि ट्रेलरचं तोंड एका हाताने वर उचललं.

"बघा साहेब. एका हाताने उठतंय. गाडी उलाळ झालीय तुमची."

उलाळ! हा शब्द मी आजीच्या तोंडी ऐकला होता. बैलगाडीत मागे जास्त माल भरला की जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेवर भारच राहत नाही, ती गाडी उलाळ. पुढे जास्त भरला तर बैलांची मान मोडते. जुने गाडीवान गोणी एक वीत पुढे, एक वीत मागे करत बसायचे, ते याचसाठी. आमच्या ट्रेलरच्या शेपटीला काय काय होतं? भरलेली पाण्याची टाकी, जनरेटर, दोन सिलिंडर, आम्ही आयत्या वेळी कोंबलेला बार्बेक्यू आणि चार फोल्डिंग खुर्च्या. मागे डिकीसारखं दार आहे, म्हणून सगळं मागे. सोपं पडतं ना!

"आवाजाचं नंतर बघू," काका म्हणाले. "आधी सामान काढा."

दादाला हिशोब येत होता, त्याने फक्त केला नव्हता. नियम असा, की भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन पुढच्या दांड्यावर यायला हवं. आमचा ट्रेलर भरून साधारण ११०० किलो, म्हणजे दांड्यावर ११० ते १६५ किलो हवेत. वहिनीकडे बाथरूममधला वजनकाटा होता (डाएट सुट्टीवर जात नाही). सपाट जागी त्यावर लाकडी ठोकळा ठेवला, ट्रेलरचा दांडा नेहमीच्या उंचीवर टेकवला. काटा म्हणाला, ४०! त्यावर दादाने टेक्सासच्या सवयीने साखळ्या करकचून ताणल्या होत्या. मुळात दांड्यावर वजनच नाही, त्यात बार गाडीचं बूड वर उचलतायत. म्हणजे गाडीची मागची चाकंही हलकी. मग शेपटी हलणार नाही तर काय?

सामान हलवायला दीड तास लागला. टाकी अर्धी रिकामी केली, जनरेटर आणि सिलिंडर दांड्याकडच्या पेटीत गेले, खुर्च्या चाकांच्या बरोबर वर. काटा १३० वर आला. साखळ्या दोन कड्या ढिल्या केल्या. गाडीचं नाक ट्रेलर जोडण्याआधी जेवढ्या उंचीवर होतं, तेवढ्यावर परत येईल इतकाच ताण. चाकाच्या कमानीपासून जमिनीपर्यंत टेप लावून मोजलं.

आणि आवाज? काकांनी तो दोन भागांत वाटला.

वळणावरची कुर्रर्र म्हणजे बारची टोकं खोबणीत कोरडी घासत होती. ते चालायचंच, बैलगाडीच्या आसालाही वंगण लागतं. धूळ पुसली, खोबणीत आणि बॉलवर ग्रीसचा पातळ हात फिरवला, कुरकुर निम्म्यावर आली. मात्र एक लक्षात ठेवा. काही हिचमध्ये ट्रेलर डुलू नये म्हणून मुद्दाम घासणाऱ्या पट्ट्या असतात. त्यांना ग्रीस लावायचं नाही, लावलं की त्यांचं कामच संपलं. तिथला आवाज ही त्यांची हजेरी आहे.

स्पीडब्रेकरचा खण्ण मात्र वेगळा होता. तो ढिलेपणाचा आवाज. बॉल इथे घेतलेला, ५० मिलिमीटरचा. वरची वाटी अमेरिकन, २ इंची, म्हणजे ५०.८ मिलिमीटर. पाऊण मिलिमीटरहून थोडी जास्त फट, पण हजार किलो पुढे-मागे आदळायला तेवढी पुरते. काकांनी वाटीखालचा नट आवळून ती फट तात्पुरती घट्ट केली, वर म्हणाले, "हे आजच्यापुरतं. बॉल बदला." बॉलखालचा मोठा नटही अर्धा आटा फिरला. पहिल्या सत्तर-ऐंशी किलोमीटरनंतर सगळे नट परत तपासायचे असतात, तेही राहिलं होतं.

सगळ्यात महत्त्वाचं काका निघताना बोलले. "साहेब, तुम्ही नुसतं ग्रीस मारून गेला असता ना, तर आवाज थांबला असता. आणि तुम्ही गाडी अजून जोरात मारली असती."

रविवारी परतताना भार हलका करायचा म्हणून आम्ही दोघं कर्जतला उतरलो, ट्रेनने जायचं ठरवून. प्लॅटफॉर्मवर दिवाडकरांचा वडा खात बसलो होतो, तेवढ्यात पुण्याकडे जाणारी एक गाडी आली आणि तिच्या मागे बँकर लागायला लागले. शंभर वेळा पाहिलेलं दृश्य. १८६३ मध्ये बोरघाटाची लाइन सुरू झाली, चढ ३७ मीटरला १ मीटर. तो चढायला कर्जतहून मागे जादा इंजिनं लावतात. ती पुढे का लावत नाहीत, हा विचार मी कधी केलाच नव्हता. सगळी ओढ पुढून आली तर पहिल्या डब्यांच्या कपलिंगवर अख्ख्या गाडीचा ताण येतो. मागून ढकललं की तो ताण वाटला जातो, आणि गाडी मागे घसरू नये म्हणून खाली भक्कम आधारही मिळतो. फेब्रुवारी २०२३ पासून धावणारी सोलापूरची वंदे भारत बँकरशिवाय घाट चढते, कारण तिच्या मोटरी डब्यांखालीच वाटून दिलेल्या आहेत. तेच ते, टीमवर्क.

बँकर टेकले. धड् असा एक आवाज सगळ्या डब्यांतून पुढे गेला. एक रेल्वेचा माणूस खाली उतरून जोड बघत होता. वाकून, हात लावून, सावकाश. आवाज आला म्हणून कोणी त्याला कटकट म्हणत नव्हतं.

रात्री दादाचा फोन आला. सुखरूप पोचले होते. "वळणावर अजून थोडं वाजतं," म्हणाला, "पण काय वाजतंय ते आता कळतं."

"आणि वहिनी?"

जरा वेळ गप्प. "ती म्हणाली, पुढच्या वेळी काटा तिच्या हातात. आणि वाजलं की तिने सांगायचं, मी गाडी थांबवायची. वाद नाही."

सोमवारी ऑफिसात मीटिंग होती. लंच जवळ आला, आणि नेहमीचा हात वर गेला. मी लॅपटॉप बंद करत होते, तो परत उघडला. "बोल रे," म्हटलं, "काय वाजतंय?"